पंधरा लाखांची भाषा, एक छोटी कंपनी आणि युरोपच्या संशोधन निधीचा हिशोब

भारत आणि युरोपीय महासंघ यांच्यातील मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा २७ जानेवारी २०२६ रोजी नवी दिल्लीत झाली. त्यानंतर चर्चा झाली ती गाड्यांवरच्या कराची, वाइनची आणि कापड निर्यातीची. साहजिक आहे, पैसा लगेच तिथेच दिसतो. पण महासंघाने सप्टेंबर २०२५ मध्ये भारताबरोबरच्या संबंधांचा जो नवा आराखडा मांडला, त्यात आणखी एक मुद्दा होता. ‘होरायझन युरोप’ या संशोधन कार्यक्रमात भारताला सहयोगी देश म्हणून घेता येईल का, याची चाचपणी करायची. या मुद्द्याकडे आपल्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

होरायझन युरोप म्हणजे २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठी मुळात ९५.५ अब्ज युरोंचा ठरलेला निधी. एक युरो शंभर रुपये धरला तर साडेनऊ लाख कोटी रुपये. एवढा आकडा ऐकला की वाटतं, हे मोठ्या विद्यापीठांचं आणि बड्या कंपन्यांचं काम, आपल्या उद्यमबागेतल्या किंवा पणजी-वेर्ण्यातल्या दहा-वीस माणसांच्या कंपनीचा त्यात काय संबंध? संबंध आहे. युरोपच्या या कार्यक्रमांत २५० पेक्षा कमी माणसांच्या कंपन्यांना पहिल्यापासून मुद्दाम जागा ठेवलेली आहे. ती जागा नेमकी कसली, तिथे पैसा कसा येतो, कसा अडकतो, आणि शेवटी कंपनीच्या हातात काय उरतं, हे बघायचं तर वीस वर्षं त्यात मुरलेल्या एखाद्या कंपनीकडे बघितलं पाहिजे. मी इथे लॅटव्हियातली ‘टिल्डे’ ही कंपनी घेतो. कारण तिचा धंदा भाषेचा आहे, आणि भाषेचा प्रश्न सीमाभागातल्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

बेळगाव जिल्ह्याच्या निम्म्याहून लहान देश

२०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७ लाख ७९ हजार होती. अख्ख्या लॅटव्हिया देशाची लोकसंख्या आज १९ लाखांच्या आत आहे. लॅटव्हियन मातृभाषा असलेले जगभर मिळून साधारण १५ लाख. देशात रशियन बोलणारेही मोठ्या संख्येने. रशियनला दुसरी राजभाषा करावी का, यावर तिथे फेब्रुवारी २०१२ मध्ये सार्वमत झालं आणि सुमारे तीन चतुर्थांश मतदारांनी नाही म्हटलं. म्हणजे भाषेवरून धुमसणं तिथेही आहे.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघातून देश बाहेर पडला आणि त्याच वर्षी राजधानी रिगामध्ये टिल्डे सुरू झाली. तेव्हाचं काम अगदी साधं होतं. संगणकावर लॅटव्हियन अक्षरं नीट दिसत नव्हती, कळफलक नव्हता, शुद्धलेखन तपासणारं काही नव्हतं. फाँट, कळफलक, शब्दकोश, शुद्धलेखन तपासणी हे सगळं या कंपनीने केलं आणि विकलं. जोडीला परदेशी कंपन्यांची सॉफ्टवेअर लॅटव्हियनमध्ये आणून देण्याचं, म्हणजे स्थानिकीकरणाचं काम होतं. ज्यांनी आपल्याकडे नव्वदच्या दशकात मराठी डीटीपी केलं आहे, त्यांना हे चित्र डोळ्यांसमोर येईल.

पण शुद्धलेखन तपासणी एवढ्यावर कंपनी मोठी होत नाही आणि भाषाही पुढे जात नाही. यांत्रिक भाषांतर, आवाज ओळखणं, परिभाषा कोश या गोष्टींना मूलभूत संशोधन लागतं. पंधरा लाख ग्राहकांच्या बाजारात त्याचा खर्च निघत नाही. एकट्या कंपनीला परवडत नाही, एकट्या देशालाही परवडत नाही. मोठ्या परदेशी कंपनीला परवडतं, पण तिला घाई नसते.

लॅटव्हिया १ मे २००४ ला युरोपीय महासंघात गेला. त्याच्या पुढच्या वर्षीच टिल्डेच्या पुढाकाराने ‘युरोटर्मबँक’ हा परिभाषेचा प्रकल्प सुरू झाला. वेगवेगळ्या देशांतल्या विखुरलेल्या परिभाषा कोशांना एका ठिकाणी आणून शोधता येईल असं करायचं. काम रुक्ष, प्रसिद्धी शून्य. पण यातून कंपनीला परदेशी भागीदार मिळाले आणि महासंघाचे कागद कसे भरायचे ते कळलं. पुढच्या सगळ्या कामाचा पाया हाच.

विद्यापीठांच्या गटाचा म्होरक्या कंपनी

२०१० मध्ये दोन प्रकल्प जवळपास एकदमच सुरू झाले आणि दोन्हींचा समन्वयक टिल्डे होती. ही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. युरोपच्या अशा प्रकल्पात कन्सॉर्टियम, म्हणजे भागीदारांचा गट लागतो. आजचा नियम असा की किमान तीन वेगवेगळ्या देशांतल्या तीन स्वतंत्र संस्था हव्यात आणि त्यातली एक तरी महासंघाच्या सदस्य देशातली हवी. समन्वयक सगळ्यांच्या वतीने ब्रुसेल्सशी बोलतो, सगळ्यांचा पैसा आधी त्याच्या खात्यात येतो आणि तो पुढे वाटतो. आपल्याकडे विद्यापीठाने छोट्या कंपनीला कामाचा तुकडा देणं माहीत आहे. इथे रिगाची छोटी कंपनी शेफील्ड आणि लीड्स विद्यापीठांना, जर्मनीच्या डीएफकेआय या कृत्रिम बुद्धिमत्ता संशोधन केंद्राला आणि क्रोएशियातल्या झाग्रेब विद्यापीठाला पैसे वाटत होती.

पहिला प्रकल्प ‘अॅक्युरॅट’. त्यातला प्रश्न असा. यंत्राला भाषांतर शिकवायचं तर एकाच मजकुराचे दोन भाषांतले लाखो जोड वाक्यांचे नमुने लागतात. इंग्रजी-फ्रेंचमध्ये ते ढिगाने आहेत. लॅटव्हियन, क्रोएशियन, रोमेनियन, ग्रीक यांच्यात नाहीत. मग काय करायचं? एकाच घटनेवर दोन भाषांत स्वतंत्रपणे लिहिलेल्या बातम्या, विश्वकोशातले लेख, तांत्रिक माहिती, असा मजकूर गोळा करायचा. तो भाषांतर नसतो, पण विषय एक असतो. त्यातून एकमेकांशी जुळणारी वाक्यं आणि शब्द यंत्राने वेचून काढायचे. पद्धती शोधण्याचं काम प्रामुख्याने विद्यापीठांचं. त्या पद्धती खऱ्या कामात उपयोगी पडतात का, हे तपासण्यात कंपनीचा स्वार्थ होता.

दुसरा प्रकल्प ‘लेट्सएमटी’. एडिंबरा विद्यापीठाच्या पुढाकाराने ‘मोझेस’ नावाची मुक्त भाषांतर प्रणाली तयार झाली होती. तीही आधीच्या युरोपीय निधीतूनच वाढलेली. ती कुणालाही फुकट घेता येत होती, पण चालवायला तज्ज्ञ लागत असे. भाषांतर करणाऱ्या एखाद्या छोट्या कार्यालयाला तिचा उपयोग शून्य. लेट्सएमटीने ती ऑनलाइन सेवेत बसवली. तुमच्याकडचे जुने भाषांतराचे नमुने चढवा, बटण दाबा, तुमच्या विषयाचं स्वतःचं भाषांतर यंत्र तयार. एडिंबरा, उप्साला, कोपनहेगन आणि झाग्रेब ही विद्यापीठं या गटात होती. प्रकल्प २०१२ मध्ये संपला, पण सेवा संपली नाही. ती टिल्डेच्या व्यवसायाचा भाग झाली.

माझ्या मते छोट्या कंपनीची खरी भूमिका हीच. शोध लावणं हे तिचं मुख्य काम नव्हे, विद्यापीठ ते जास्त चांगलं करतं. प्रकल्प संपल्याच्या दुसऱ्या दिवशी ती गोष्ट चालू ठेवण्यात ज्याचा पोटाचा संबंध आहे, असा गटातला भागीदार म्हणजे कंपनी. प्राध्यापकाचा निबंध छापून आला की त्याचं काम झालं, आणि त्यात चूक काही नाही. कंपनीचं काम तिथून सुरू होतं.

पुढे लॅटव्हियाच्या सरकारसाठी ‘ह्यूगो’ ही भाषांतर सेवा टिल्डेने उभी केली. नागरिकांना आणि कार्यालयांना लॅटव्हियन-इंग्रजी, तसंच लॅटव्हियन-रशियन भाषांतर सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळू लागलं. २०१५ च्या पहिल्या सहामाहीत महासंघाच्या परिषदेचं फिरतं अध्यक्षपद लॅटव्हियाकडे होतं. त्या निमित्ताने केलेली भाषांतर सेवा नंतर एस्टोनिया, बल्गेरिया, ऑस्ट्रिया, फिनलंड, क्रोएशिया, जर्मनी अशा इतर अध्यक्ष देशांनीही वापरली. पंधरा लाखांच्या भाषेसाठी सुरू झालेलं काम जर्मनीला विकलं गेलं.

यामागे आणखी एक गोष्ट होती, ती कंपनीच्या कर्तबगारीची नाही. महासंघात यायचं तर त्याचे सगळे कायदे स्वतःच्या भाषेत आणावे लागतात. लॅटव्हियाने ते हजारो पानांचं भाषांतर सरकारी खर्चाने केलं. महासंघाच्या संयुक्त संशोधन केंद्राने २००६ मध्ये या कायद्यांचा अनेक भाषांतला जोड संग्रह सगळ्यांना खुला केला. पुढच्याच वर्षी महासंघाच्या भाषांतर विभागाने आपल्या भाषांतरांचा साठाही खुला केला. म्हणजे जनतेच्या पैशाने झालेलं भाषांतर जनतेला कच्चा माल म्हणून परत मिळालं. हा माल नसता तर रिगातला कितीही हुशार अभियंता काय करणार होता?

पैसा येतो कसा

आता हिशोबाकडे. कारण छोट्या कारखानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. अॅडव्हान्स किती आणि बिल कधी?

होरायझन युरोपमध्ये मुख्यतः दोन दर आहेत. निव्वळ संशोधनाच्या प्रकल्पात पात्र खर्चाच्या १०० टक्के रक्कम मिळते, कंपनी असो की विद्यापीठ. बाजाराच्या जवळ गेलेल्या, म्हणजे नमुना प्रत्यक्ष चालवून दाखवण्याच्या प्रकल्पात नफा कमावणाऱ्या कंपनीला ७० टक्के आणि विद्यापीठासारख्या ना-नफा संस्थेला १०० टक्के. शिवाय जागाभाडं, वीज, कार्यालय असा अप्रत्यक्ष खर्च दाखवायची भानगड नाही. प्रत्यक्ष खर्चावर सरसकट २५ टक्के धरतात. उपकंत्राटाला दिलेल्या रकमेवर मात्र हे २५ टक्के मिळत नाहीत.

उदाहरण घेऊ. कंपनीचा पगार, प्रवास, यंत्रं असा प्रत्यक्ष खर्च एक कोटी रुपये. त्यावर २५ लाख, एकूण सव्वा कोटी. १०० टक्क्यांच्या प्रकल्पात सव्वा कोटी मिळाले. ७० टक्क्यांच्या प्रकल्पात साडेसत्याऐंशी लाख. म्हणजे खिशातून प्रत्यक्ष गेलेले एक कोटीही पूर्ण परत येत नाहीत, कार्यालयाचा खर्च तर सोडाच. आणि दोन्हींत नफा नावाची गोष्ट नाही. नफा प्रकल्पाबाहेर, निकाल विकून कमवायचा. हे ज्याला कळलं तो टिकतो. अनुदान हाच धंदा असं ज्याला वाटलं, त्याची पुढची वर्षं अवघड.

पण अॅडव्हान्स मिळतो, आणि ही मोठी सोय आहे. काम सुरू होतानाच आगाऊ रक्कम येते. त्यातून एकूण अनुदानाच्या साधारण ५ टक्के रक्कम परस्पर विमा निधीत कापून ठेवतात आणि शेवटी परत देतात. एखादा भागीदार बुडाला तर त्याची वसुली या निधीतून होते, त्याच्या कर्जासाठी बाकीच्यांच्या दारात कुणी येत नाही. त्यामुळे छोट्या कंपनीला बँक गॅरंटीसाठी घर गहाण ठेवावं लागत नाही. प्रकल्प संपेपर्यंत एकूण अनुदानाच्या ९० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम हातात येत नाही, उरलेली अंतिम अहवाल मंजूर झाल्यावर. अहवाल पोचल्यापासून पैसे देण्याची मुदत ९० दिवस. आपल्याकडे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल ४५ दिवसांत द्यायचा कायदा २००६ पासून आहे. तो किती पाळला जातो हे व्यापाऱ्याला विचारा. त्यामानाने ९० दिवस, पण आगाऊ रक्कम हातात असताना, हा सौदा वाईट नाही.

आणखी एक बारीक नियम मला आवडला. छोट्या कंपनीचा मालक स्वतः पगार घेत नसेल, तरी त्याच्या कामाचे दिवस ठरावीक दराने खर्चात धरता येतात. ज्याने हा नियम केला त्याने कधीतरी दुकान चालवलेलं असावं किंवा चालवणाऱ्याला जवळून बघितलेलं असावं.

निकालाची मालकी ज्याने तो निकाल काढला त्याची. महासंघ मालकी मागत नाही. दोघांनी मिळून काढला तर दोघांची. कंपनीने आधीपासून जवळ असलेलं जे तंत्र प्रकल्पात आणलं, ते तिचंच राहतं. भागीदारांना प्रकल्पापुरतं ते फुकट वापरू द्यावं लागतं, नंतर धंद्यासाठी वापरायचं तर वाजवी मोबदल्यावर. हे सगळं सही करण्याआधी भागीदारांच्या आपसातल्या करारात लिहिलेलं असतं. ज्या छोट्या कंपन्या हा करार न वाचता सही करतात, त्यांना पुढे महागात पडतं.

नाण्याची दुसरी बाजू

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की युरोपात पैसा झाडाला लागतो. तसं नाही. याआधीच्या होरायझन २०२० या कार्यक्रमात यशाचं प्रमाण साधारण १२ टक्के होतं. आठ अर्जांत एक मंजूर. एका अर्जामागे अनेक देशांतल्या माणसांचे महिने जातात आणि नामंजूर झाला तर त्याचे पैसे कुणी देत नाही. वैज्ञानिक दर्जा, होणारा परिणाम आणि अंमलबजावणी या तिन्हींना पाचपैकी गुण. प्रत्येकात किमान तीन आणि एकूण पंधरापैकी किमान दहा लागतात. पण दहावर कुणाचंच निभत नाही, स्पर्धा त्याच्या बरीच वर असते. मंजुरी आणि सही मिळून अर्जाच्या शेवटच्या तारखेपासून आठ महिने. तंत्रज्ञानाच्या धंद्यात आठ महिन्यांत बाजार बदलतो.

शिवाय कागद. कुणी किती दिवस कुठल्या प्रकल्पावर काम केलं याची नोंद, वर्षाचे २१५ दिवस धरून रोजाचा दर, ठरावीक रकमेच्या वर लेखापरीक्षकाचं प्रमाणपत्र. युरोपीय लेखापरीक्षण न्यायालयाच्या वार्षिक अहवालांत हे वारंवार आलं आहे की चुका सर्वाधिक पगाराच्या खर्चात होतात आणि छोट्या व नवख्या कंपन्यांकडून जास्त होतात. हे लबाडीमुळेच होतं असं नाही. मोठ्या विद्यापीठात या कामाला वेगळा विभाग असतो, छोट्या कंपनीत तोच माणूस सकाळी कोड लिहितो आणि संध्याकाळी तक्ते भरतो. म्हणून आता बऱ्याच प्रकल्पांत ठोक रक्कम पद्धत आणली आहे. कामाचा टप्पा पूर्ण दाखवा, ठरलेली रक्कम घ्या, बिलं दाखवू नका. छोट्यांना ही सोयीची. पण टप्पा अर्धवट राहिला तर पैशाचं काय, हा वाद तिच्यात उरतोच.

आणि मेलेले प्रकल्प पुष्कळ. सुंदर नाव, सुंदर बोधचिन्ह, चार देशांत बैठका, शेवटी एक संकेतस्थळ, तेही दोन-तीन वर्षांत बंद. केवळ अनुदानावर जगणाऱ्या कंपन्याही युरोपात आहेत. एक प्रकल्प संपायच्या आत दुसरा लिहायचा, ग्राहक कधी नाहीच. टिल्डे यात अडकली नाही, कारण तिच्याकडे स्थानिकीकरणाचा स्वतःचा धंदा होता. त्यातून रोजचा पैसा यायचा आणि ग्राहकाला काय हवं तेही कळायचं.

महासंगणकावरचे वीस लाख तास

भाषांतराचं तंत्र बदललं, मोठ्या भाषा-प्रारूपांचा जमाना आला. मेटानेट या संशोधक जाळ्याने २०१२ मध्ये ३० युरोपीय भाषांची पाहणी करून सांगितलं होतं की त्यातल्या किमान २१ भाषांना डिजिटल जगात नामशेष होण्याचा धोका आहे. लॅटव्हियन त्यात होती. वेल्सच्या खासदार जिल इव्हान्स यांच्या अहवालावर युरोपीय संसदेने सप्टेंबर २०१८ मध्ये डिजिटल युगातल्या भाषिक समानतेचा ठराव केला. ठरावाने यंत्र चालत नाही. पण पैशाला वाट मिळते.

२०२४ मध्ये महासंघाने मोठ्या भाषा-प्रारूपांसाठी छोट्या कंपन्यांची स्पर्धा घेतली. चार विजेते निवडले, त्यात टिल्डे एक. दहा लाख युरोंचं बक्षीस चौघांत वाटलं गेलं. पण खरं बक्षीस वेगळं होतं. प्रत्येकाला युरोपच्या सामायिक महासंगणकांवर वीस लाख तासांचा वेळ. टिल्डेने तो फिनलंडमधल्या ‘लुमी’ महासंगणकावर वापरला. सप्टेंबर २०२५ मध्ये तिने ३० अब्ज पॅरामीटरचं, ३४ युरोपीय भाषांचं प्रारूप सगळ्यांसाठी खुलं केलं.

त्यातली एक बाब आपल्यालाही लागू आहे. ही प्रारूपं मजकुराचे तुकडे करून वाचतात. इंग्रजी शब्दाचा बहुतेक एकच तुकडा होतो, लॅटव्हियन शब्दाचे तीन-चार. पैसे तुकड्यांवर आकारतात. म्हणजे तेच वाक्य आपल्या भाषेत विचारलं की जास्त महाग आणि जास्त सावकाश. टिल्डेने तुकडे करण्याची पद्धतच अशी बसवली की सगळ्या भाषांत ते जवळपास सारखे पडावेत. देवनागरीत लिहिणाऱ्या माणसाला हा भुर्दंड रोज बसतो, फक्त बिल वेगळं दिसत नाही.

मराठी, कोकणी आणि पुढचा करार

गूगलच्या भाषांतर सेवेत लॅटव्हियन २००८ मध्ये आली. मराठी २०१३ मध्ये. कोकणी २०२२ मध्ये. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले ८ कोटी ३० लाख, कोकणी साडेबावीस लाख. म्हणजे कोकणी बोलणारे लॅटव्हियन बोलणाऱ्यांपेक्षा जास्त, तरी चौदा वर्षं मागे. लोकसंख्येने हे ठरत नाही. खुल्या, नीट जोडलेल्या मजकुराने ठरतं.

आपल्याकडे काहीच झालं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. पुण्याचं सी-डॅक १९८८ पासून आहे. आयआयटी मुंबईत मराठी आणि गोवा विद्यापीठात कोकणी वर्डनेट झालं, आणि वर्डनेटांची अशी जोडणी युरोपने नव्वदच्या दशकात महासंघाच्याच पैशाने करून बघितली होती. २०२२ मध्ये ‘भाषिणी’ सुरू झाली. आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत गटाने २०२३ मध्ये अनुसूचीतल्या सगळ्या २२ भाषांचं भाषांतर प्रारूप खुलं केलं. काम चांगलं आहे. पण या साखळीत मुख्य जागा संस्थांची आहे. गटात बरोबरीने बसलेली, आगाऊ पैसे घेतलेली आणि निकाल पुढे स्वतःच्या जबाबदारीवर चालवणारी छोटी कंपनी आपल्याकडे क्वचित दिसते.

आणि कच्च्या मालाचं काय? भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या देशपातळीवरच्या तरतुदींनुसार, जिथे एखाद्या भाषेचे लोक १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही निघायला हव्यात. मराठीतून परिपत्रकं मिळावीत ही सीमाभागातली मागणी किती जुनी आहे, ते वाचकांना सांगायला नको. आजवर हा प्रश्न आपण हक्काचा म्हणून मांडला, तो तसा आहेच. पण रिगाकडे बघितल्यावर दुसरा हिशोबही दिसतो. ती परिपत्रकं इतकी दशकं कन्नड आणि मराठी दोन्हींत निघत राहिली असती, तर आज कन्नड-मराठी भाषांतरासाठी लागणारा जोड मजकूर सरकारी कपाटात तयार पडला असता, आणि त्याचा फायदा कन्नडलाही तितकाच झाला असता.

आता करार. भारताला युरोपचं दार नवीन नाही. २००७ ते २०१३ च्या सातव्या कार्यक्रमात भारतीय संस्थांना आपोआप निधी मिळत होता. २०१४ पासून भारत, चीन, ब्राझील यांच्यासारख्या देशांना तो बंद झाला. गटात या, पण आपल्या खर्चाने. त्यानंतर आपल्या विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांनी आपला वाटा घालून संयुक्त प्रकल्प केले. पाण्यावरचे सात प्रकल्प त्यातलेच. कानपूरच्या सांडपाण्यावर काम करणारा ‘पवित्र गंगा’ त्यातला एक. पण अशा वेळी युरोपचा भागीदार एका नियमाने चालतो आणि भारतातला दुसऱ्या, आणि छोटी कंपनी या दोन खिडक्यांमध्ये दमते.

सहयोगी देश झाल्यावर खिडकी एक होते. देश आपल्या अर्थव्यवस्थेच्या मानाने वर्गणी भरतो आणि त्याच्या संस्था बरोबरीने स्पर्धा करतात. न्यूझीलंड, कॅनडा आणि दक्षिण कोरिया असेच आत आले, पण फक्त सामूहिक प्रकल्पांच्या विभागापुरते. भारतालाही बहुधा तेवढंच मिळेल. सुरक्षेच्या दृष्टीने नाजूक विषयांत सहयोगी देशांनाही बाहेर ठेवण्याची तरतूद आहे, आणि कृत्रिम बुद्धिमत्ता त्या यादीच्या आसपास फिरते. वर्गणी सरकार भरणार, म्हणजे आपणच भरणार. ती वसूल व्हायची तर अर्ज करणारे हवेत. तेवढ्या तयारीच्या संस्था आज मुख्यतः आयआयटी आणि मोठ्या प्रयोगशाळा आहेत. छोट्या कंपन्यांना अर्ज लिहिण्यापुरती मदत आणि भागीदार शोधून देणारं कुणी नसेल, तर वर्गणी सगळ्यांची आणि निधी मोजक्यांना, असं होऊ शकतं. केंद्र सरकार वाटाघाटीत याबद्दल काय बोलतं, हे बघायला हवं.

चालू कार्यक्रम २०२७ मध्ये संपतो. २०२८ ते २०३४ च्या पुढच्या कार्यक्रमासाठी युरोपीय आयोगाने जुलै २०२५ मध्ये १७५ अब्ज युरोंचा प्रस्ताव ठेवला आहे. त्यावर संसद आणि सदस्य देशांची घासाघीस व्हायची आहे. भारताचा विषय खऱ्या अर्थाने त्या कार्यक्रमाचा ठरेल. दरम्यान, गटात येण्यासाठी लागणारा नऊ आकडी सहभागी क्रमांक कुठल्याही देशातल्या नोंदणीकृत कंपनीला महासंघाच्या संकेतस्थळावर आजही विनाशुल्क काढता येतो. त्यासाठी कराराची वाट बघावी लागत नाही.